कुत्र्याला शाळा कुठं माहीत असते?

"मॅडम, ते परदेशात असतं तसलं कुत्रं इथं कुठं मिळतं?" नजर कमी होत चाललेल्या माणसाच्या घरून येणारा हा प्रश्न आता माझ्या सवयीचा झालाय. बहुतेकदा मुलगा किंवा मुलगी विचारते, मोबाईलवर अंध माणसाला वाट चालवणाऱ्या कुत्र्याचा, म्हणजे गाइड डॉगचा, व्हिडिओ दाखवत. पिवळसर लॅब्रॅडॉर, पाठीवर पट्टा, शेजारून निवांत चालणारा माणूस. पाठोपाठ जरा हळू आवाजात आणखी एक वाक्य येतं, "पांढरी काठी नको म्हणतात." माझं लक्ष त्या दुसऱ्या वाक्याकडं असतं. का, ते एका उदाहरणातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि सात-आठ महिन्यांच्या भेटी इथं चार-दोन संवादांत बसवल्यात.

सर ४६ वर्षांचे, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत घर, अनुदानित शाळेत गणित शिकवायचे. आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेची नजर जाते आणि नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं. ते मधलं बरीच वर्षं चांगलं राहू शकतं. म्हणून सर पेपरातल्या बारीक जाहिराती वाचायचे आणि दारातल्या बादलीला अडखळायचे. "पेपर वाचता येतो, मग बादली कशी दिसत नाही?" हे बाहेरच्यांच्या आधी घरच्यांनीच विचारलं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चांगल्या डोळ्यात चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी दिसणं (निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरूनही न दिसणं) म्हणजे अंधत्व. पण नजरेचा घेर १० अंशांपेक्षा कमी असला तरीही ते अंधत्वच, मग तक्त्यावरची अक्षरं कितीही वाचता येवोत. त्यामुळं प्रमाणपत्राच्या तपासणीला जाताना घेराच्या तपासणीचा, म्हणजे पेरिमेट्रीचा, अहवाल हातात हवा. नाहीतर अक्षरं वाचून दाखवली की "तुम्हाला दिसतंय की" म्हणून परत पाठवतात. नोकरीची धास्तीही मोठी होती. याच कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही, आणि अनुदानित संस्था त्या व्याख्येत येतात. हे ऐकल्यावर सरांचे खांदे जरा खाली आले. कुत्र्याचा विषय मात्र सुटेना.

मुलगी म्हणाली, "त्याचं सगळं मी बघतो मॅडम. खायला घालतो, फिरवून आणतो. खरं बाबांना एक घेऊन द्या." कोल्हापूरची पोरगी, मुलगी असूनही 'बघतो', आणि 'पण'च्या जागी 'खरं'.

मी सरांना विचारलं, "समजा, उद्या कुत्रा दारात आला. सकाळी तुम्ही त्याच्या पट्ट्याचा दांडा हातात धरला. पहिला हुकूम काय देणार?"

"शाळेत चल."

"त्याला शाळा कुठं माहीत आहे?"

सर गप्प. मुलगीही मोबाईल खाली ठेवून बघायला लागली.

हा कुत्रा रिक्षावाला नव्हे. डावीकडं, उजवीकडं, पुढं हे माणूस सांगतो. कुत्रा अडथळ्याला वळसा घालतो, पायरीशी आणि रस्त्याच्या कडेला थांबतो. सिग्नल त्याला कळत नाही. गाड्यांचा आवाज ऐकून "पुढं" म्हणायचं काम माणसाचं. अंगावर गाडी येत असेल तर हुकूम मोडून जागेवर उभं राहायचं, एवढा एक अधिकार मात्र त्याला शिकवून दिलेला असतो. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की वर्षभर एखाद्या घरात वाढवतात, मग काही महिने कुत्र्यांच्या शाळेत शिकवतात, मग माणसाची चाल आणि स्वभाव बघून जोडी लावतात. अशा शाळा पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत सुरू झाल्या. आपल्याकडं ही परंपरा रुजलेली नाही. शिवाय पेठेतल्या गल्लीत चार भटकी कुत्री अंगावर आली तर कामावरच्या कुत्र्याचं लक्ष फुटतं. रोजच्या रोज बाहेर नेलं नाही तर शिकवलेलं विसरतं. सरांसारखी थोडी नजर शिल्लक असलेला माणूस तर कुत्र्यावर विश्वास टाकण्याआधी स्वतःच डोकावून बघतो, आणि दोघांचाही गोंधळ होतो. सगळ्यात मुद्द्याचं म्हणजे बहुतेक शाळा कुत्रा देण्याआधी विचारतात, काठीनं एकट्यानं फिरता येतं का?

"म्हणजे रस्ता मलाच पाठ पाहिजे," सर म्हणाले.

"आहे का?"

"बावीस वर्षं गाडीवरनं गेलोय की!"

"मग सांगा, घरापासून शाळेपर्यंत किती वळणं? चढ कुठं लागतो?"

गणिताचे सर. बोटं मोजायला लागली आणि तिसऱ्या वळणावर थांबली.

त्यापुढच्या भेटीत सर एकटेच आत आले, मुलगी बाहेर बसली. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "खरं सांगू का मॅडम? कुत्रा असला की लोक कुत्र्याकडं बघतात. काठी असली की माझ्याकडं."

या वाक्यासाठी मी चार भेटी थांबले होते. ते आधीच माझ्या तोंडून गेलं असतं तर सरांनी मान डोलावली असती आणि विषय तिथंच मिटला असता.

"बघून काय म्हणतील?"

"मास्तर आंधळा झाला."

"आणि आत्ता, काठी नसताना, संध्याकाळी धडपडता तेव्हा काय म्हणतात?"

सर हसले. हसू टिकलं नाही. "दारू प्यायला लागलाय म्हणतात. परवा एका माजी विद्यार्थ्याच्या खांद्याला धडकलो. 'सर, घरी सोडू का?' म्हणाला. त्याच्या आवाजातनंच कळलं."

मग दोघंही थोडा वेळ बोललो नाही. अशा वेळी 'मन खंबीर करा' सांगण्यात मला अर्थ वाटत नाही. माणूस घटनेनं खचत नाही, घटनेला आपण जो अर्थ चिकटवतो त्यानं खचतो, हे माझं जुनं मत. लोक सरांच्या धडपडण्याला अर्थ लावतच होते, आणि तो काठीच्या अर्थापेक्षा वाईट होता. सर ज्याला गुपित समजून जपत होते, त्याची चुकीची आवृत्ती गावभर फिरत होती. हे मी बोलून दाखवलं नाही. सरच म्हणाले, "मग आंधळाच बरा की." आणि डोळे पुसले.

काठी घेताना पहिली चूक लांबीत होते. दुकानात असेल ती घेतात, ती आखूड निघते. सरळ उभं राहून काठीचं वरचं टोक छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यायला हवं, झपझप चालणाऱ्याला आणखी थोडी लांब. आखूड काठी खड्डा सांगते, पण पाय त्यात गेल्यावर. मूठ बेंबीसमोर, तर्जनी दांड्यावर सरळ. टोक खांद्यांपेक्षा बोटभर रुंद फिरवायचं, आणि डावा पाय पुढं टाकताना टोक उजवीकडं, उजवा टाकताना डावीकडं. म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. सरांचा हात सारखा उजवीकडं सरकायचा, मग डावी बाजू उघडी पडायची आणि चाल तिरकी व्हायची. चलनवलन शिकवणाऱ्या शिक्षकांनी दोन आठवडे फक्त तेवढंच करून घेतलं. दुसरी खोड टोक उचलण्याची. बोटभरापेक्षा वर गेलं की गटाराची कड निसटते. फरशीच्या फटीत टोक अडकलं तर मूठ पोटात बसते, म्हणून पकड सैल ठेवायची. आपल्या फरशांवर बारीक टोकापेक्षा फिरणारं जाड टोक बरं.

काठीला कमरेच्या वरचं कळत नाही. गळीत हंगामात रस्त्याकडेला उभ्या ट्रॉलीतून ऊस बाहेर आलेला असतो. काठी खालून निघून जाते आणि ऊस कपाळाला लागतो. पुढं छज्जा असलेली टोपी, आणि शंका आली की तळहात बाहेर करून हात कपाळासमोर, हाच उपाय.

रस्ता पाठ करताना खुणा निवडून घ्याव्या लागतात. मिसळीचा वास सकाळी असतो, संध्याकाळी नसतो. गिरणीची घरघर वीज गेली की बंद. रस्त्याचा उतार, गतिरोधक, देवळाची पायरी कुठं जात नाहीत. सरांनी घर ते शाळा या वाटेचे सात तुकडे पाडले आणि एक पक्का झाल्याशिवाय दुसरा घेतला नाही. कानात इअरफोन नको, निदान एक कान मोकळा. विजेवरच्या दुचाक्या तशाही गुपचूप येतात.

लोक बघतील या भीतीसाठी एक गृहपाठ दिला. संध्याकाळी रंकाळ्यावर सरांनी काठी घेऊन अर्धा तास चालायचं, मुलीनं दहा पावलं मागं राहून किती जण बघतात ते मोजायचं. सरांचा अंदाज होता पन्नास. ती परत येऊन म्हणाली, "नऊ जण. त्यातली दोन लहान पोरं. बाकी सगळी भेळ खात होती, बाबा!"

एक मात्र बिनसलं. एका भल्या माणसानं दंड धरून सरांना रस्त्यापलीकडं नेलं. सरांना पलीकडं जायचंच नव्हतं. अशा वेळी हात हिसकायचा नाही. "थांबा, मीच तुमचा हात धरतो," म्हणायचं आणि समोरच्याच्या कोपराच्या जरा वर धरून अर्धं पाऊल मागं राहायचं. म्हणजे तो वळला, थांबला, पायरी चढला, सगळं त्याच्या हातातून कळतं. घरी मुलगीही तोवर मनगट धरून ओढायची. धरणारा हात बदलल्यावर दोघांची महाद्वार रोडवरची भांडणं बरीच कमी झाली. अरुंद जागी तिनं हात पाठीमागं न्यायचा, की सर आपोआप तिच्या मागं येतात.

कुत्र्याचं काय झालं? मुलीनं गल्लीतलंच एक पाळलंय. ते कामाचं नाही, सरांच्या चपला पळवतं.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. तक्रारीचा सूर होता. "मॅडम, काठीचं टोक झिजलं की हो, चार महिन्यांतच."

"आधी हात लावून बघा," मी म्हटलं, "हुकानं अडकवायचं आहे की दाबून बसवायचं. एकाचं दुसऱ्याला बसत नाही. आणि घेताना दोन घ्या."