दात कितीही घासले तरी डाग जात नाहीत

प्रश्न : डॉक्टर, आम्ही मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडचे, दोन वर्षं झाली नागपूरला येऊन, बेसा भागात राहतो. मुलगी आठ वर्षांची आहे. तिचे समोरचे नवे दात आले तेच पांढुरके पट्टे घेऊन आले, आता ते तपकिरी व्हायला लागलेत. वर्गातली पोरं चिडवतात म्हणून ती तोंडावर हात ठेवून हसते. शेजारच्या काकू म्हणतात कोळशाने घास. गावाला हातपंपाचं पाणी होतं, इथे बोअर आहे, मी रोज उकळूनच देते. लहान्या तीन वर्षांचा, त्याचे दात मात्र एकदम छान आहेत. मुलीचं काय करू?
– एक आई, नागपूर

उत्तर : ताई, आधी तो कोळसा बंद करा, आजच. हे डाग वरून बसलेले नाहीत, दाताच्या आतच आहेत, घासून घासून फक्त दाताचं वरचं कवच झिजेल आणि मग थंड-गरम झोंबायला लागेल. पोरीला रागावूही नका, तिची काहीच चूक नाही.

तुमच्या वर्णनावरून हा फ्लोरोसिस वाटतो, म्हणजे दात घडताना पोटात जास्त फ्लोराईड गेल्याने पडलेले डाग, तरी एकदा डेंटिस्टला प्रत्यक्ष दाखवाच. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत जमिनीखालच्या खडकातूनच पाण्यात फ्लोराईड उतरतं, चवीला कळत नाही, रंगाला कळत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. आपल्याकडे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत, त्याच्यावर नको. आणि उकळून फ्लोराईड जात नाही हो, उलट पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं! उकळल्याने जंतू मरतात, ते चांगलंच आहे, पण हा त्रास वेगळा.

समोरचे पक्के दात हिरडीच्या आत पहिल्या चार-पाच वर्षांतच घडतात. म्हणजे मुलीचे दात गावच्या पाण्यावर घडले, ते झालं. डाग कमी करायचे उपाय आहेत, डेंटिस्ट वरचा अगदी पातळ थर बेताने घासून काढतात, दाताच्या रंगाचं फिलिंग लावतात, पण सध्या घाई नको, दात पूर्ण येऊ द्या.

मला खरी काळजी लहान्याची आहे. त्याचे जे छान दिसतात ते दुधाचे दात आहेत, त्यांच्यावर हे फारसं दिसत नाही. पक्के दात आत्ता, या महिन्यात, त्याच्या जबड्यात तयार होतायत आणि तो बोअरचं पाणी पितोय. म्हणून या आठवड्यात पाणी तपासा. प्लास्टिकची बाटली घ्या, काचेची नको, पंप पाच-दहा मिनिटं चालू द्या, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, भरा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या, फ्लोराईड बघायचंय असं स्पष्ट सांगा. फिल्टरवाले जो टीडीएस मीटर बुडवून दाखवतात तो पाण्यातले एकूण क्षार दाखवतो, त्याच्यात फ्लोराईड कळत नाही. आकडा जास्त निघाला तर आरओ लावा किंवा नळाचं पाणी आणा, फक्त प्यायलाच नाही, वरण-भातालाही तेच, कारण भात शिजताना सगळं पाणी पिऊन घेतो.

गावी अजून कोणी राहत असेल तर त्यांनाही सांगा. तुरटी आणि चुना टाकून फ्लोराईड खाली बसवायची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने शोधली, आणि आपल्या शेजारच्या जिल्ह्यात पोरांचे दात अजून असे होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : अमेरिकेत म्हणे पाण्यात मुद्दाम फ्लोराईड टाकतात. मग आपण फ्लोराईडची टूथपेस्ट वापरायची की नाही?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : वापरायची. तिकडे १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहरापासून सुरुवात झाली, दात किडू नयेत म्हणून, पण तिथे प्रमाण बांधलेलं असतं, आता लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम सांगतात. थोडं फ्लोराईड दाताला घट्ट करतं, जास्त झालं की बिघडवतं. आपल्या शहराला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, ते नदी-धरणाचं, त्यात बोअरसारखी भीती नसते. पेस्ट वरून लागते, गिळायची नसते. तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि थुंकेपर्यंत मोठ्या माणसाने बाजूला उभं राहायचं, कारण गोड चवीची पेस्ट पोरं चाटून खातात.