आधी बेल जोडा

पत्र थोडं कापून देतेय:

"ताई, मिस्टरांचा धंदा बुडाला आणि डोक्यावर कर्ज बसलं. सहा वर्षं फेडलं. चार महिन्यांपूर्वी शेवटचा हप्ता गेला. त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. आम्ही दोघं नेहमीपेक्षा लवकर झोपलो, एवढंच. आता घराकडे नजर जाते आणि नकोसं होतं. हॉलच्या भिंतीला ओल, रंगाचे पोपडे, सोफ्याची स्प्रिंग वर आलेली, ट्यूबचा पांढराफटक उजेड. बेडरूमचा पंखा फिरतोय की नाही ते बघावं लागतं. पण साधा पडदा घ्यायला गेले तरी पैसे काढताना पोटात गोळा येतो आणि रिकाम्या हाताने परत येते. मिस्टर नेमके उलटे. म्हणतात, एवढं सोसलं, आता शून्य टक्के व्याजावर नवा सोफा घेऊ, हौसेला मोल नसतं. यावरून रोज वाजतं. घरी कोणाला बोलावत नाही. बेल तर वसुलीवाल्यांच्या धास्तीने तेव्हाच काढून ठेवली होती, ती तशीच आहे. अंथरूण पाहून पाय पसरता पसरता पाय आखडून झोपायचीच सवय लागलीय. थोड्या पैशांत घर आणि आम्ही दोघं, कसं सावरायचं?"

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ओल, सोफा, पडदे यांतच अडकले. दुसऱ्यांदा बेलपाशी थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते तुमच्या घरातली पहिली दुरुस्ती तीच आहे. चार महिने झाले, दारावर येणारं आता कोणी उरलं नाही, तरी घर अजून श्वास रोखून बसलंय. काम अगदी किरकोळ. मेन स्विच बंद करून बटणाच्या दोन वायरी जोडायच्या. विजेला हात लावायची सवय नसेल तर पंख्यासाठी वायरमन येईल तेव्हा त्यालाच सांगा. (तुमच्या पंख्याचा बहुतेक कंडेन्सर गेलाय, पंखा नव्हे. फार स्वस्तात बदलतो. आधी पाती पुसून बघा, तीही कित्येक वर्षांत पुसली नसतील.) आणि बेल जोडल्यावर ती पहिल्यांदा कोण वाजवणार ते तुम्ही ठरवा. बहीण, मैत्रीण, जिच्यासमोर घर आवरायची गरज वाटत नाही अशी कोणीही. अमुक वाजता ये आणि बेल वाजव, असं तिला सांगून ठेवा. तरीही छातीत धस्स होईल. होऊ द्या. दार उघडल्यावर समोर ती असेल.

आता मिस्टरांबद्दल. तुम्हाला वाटतंय तुम्ही काटकसरी आणि ते उधळे. मला तसं दिसत नाही. एकाच भीतीने तुमची मूठ आवळली आणि त्यांची सैल झाली. आपण त्या दिवसांतून खरंच बाहेर पडलो, हे त्यांना डोळ्यांनी बघायचंय आणि सोफा डोळ्यांना दिसतो. तेव्हा "तुम्हाला अक्कल आली नाही" या चालीवर बोलू नका. दुकानात दोघं जा आणि एकच विचारा, सगळे पैसे रोख दिले तर किती कमी कराल? रोखीची सूट हप्त्यावर सहसा मिळत नाही, वर बहुतेकदा प्रोसेसिंग फी लागते. तो फरक म्हणजेच व्याज, फक्त नाव वेगळं. हौसेला मोल नसतं हे खरं, पण हप्त्यावरच्या हौसेला तारीख असते, आणि दर महिन्याची ती तारीख तुम्हा दोघांना नुकतीच सुटलीय.

सोफ्याची स्प्रिंग गादीवाला किंवा सोफा दुरुस्त करणारा नीट बसवून देतो. सांगाडा लाकडी आणि धड असेल तर नवीन कापड लावून तो आणखी कित्येक वर्षं जाईल. सांगाडाच हलत असेल तर मात्र त्यात पैसे घालू नका, पैसे साठवून नवाच घ्या.

ओलीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडलेय. पाहुणे येणार म्हणून ओलसर भिंतीला वरून रंग दिला. काही महिन्यांत फुगे आले. पुन्हा दिला, पुन्हा आले. दोन वेळचे पैसे भिंतीने गिळले आणि पाणी कुठून येतंय हे मला तिसऱ्या वेळेपर्यंत सुचलं नाही. तुम्ही आधी हे करा. पोपडे खरवडून भिंत पुसून घ्या. फूटभर लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून तिथे घट्ट बसवा आणि दोन दिवस हात लावू नका. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. मग नळाचा पाइप, वरची गच्ची किंवा बाहेरची भेग शोधायची आणि तिच्यावरच पैसे घालायचे. थेंब खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती घरातलीच वाफ आहे. कपडे आत वाळत घालणं, खिडक्या बंद ठेवणं, कपाट भिंतीला चिकटवून ठेवणं, यातलं काहीतरी असणार आणि त्याला पैसे लागत नाहीत. वसुलीच्या दिवसांत खिडक्याही लावूनच बसायचात का? मला शंका आहे. कारण सापडून भिंत पूर्ण कोरडी होईपर्यंत पुट्टी नाही, रंग नाही. भिंत दिसायला वाईट राहील तेवढे दिवस. राहू दे.

उजेड मात्र आजच बदलता येईल. एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे तुमचा तो पांढराफटक, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, संध्याकाळी डोळ्यांना बरा. जुन्या ६० वॉटच्या बल्बएवढा उजेड ९ वॉटचा एलईडी देतो. रोज पाच तास लावला तर महिन्याला जुना ९ युनिट खाणार, नवा दीड युनिटही नाही. बसायच्या कोपऱ्यात असा एक लावा आणि संध्याकाळी ट्यूब बंद ठेवा. पोपडेही कमी दिसतील, हा वरचा फायदा.

त्याच कोपऱ्यातली खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवा. अमेरिकेतले संशोधक रॉजर उल्रिच यांनी १९८४ साली एक अभ्यास छापला होता. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं बघणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जालीम औषधंही कमी लागली. अभ्यास छोटा आहे, त्याच्यावर घर बांधू नये. पण खुर्ची फिरवायला काय जातं? झाड दिसत नसेल तर कुंडी ठेवा, कोणाकडून तरी फांदी मागून आणा. हवा शुद्ध करणारी म्हणून महागडी रोपं विकतात, ती नकोत. झाडं हवा शुद्ध करतात हे ज्यावरून सांगतात, तो १९८९ चा नासाचा प्रसिद्ध प्रयोग छोट्या बंद पेटीत झाला होता, माणसं राहतात त्या खोलीत नव्हे. हवेसाठी खिडकी उघडा आणि झाड आवडतं म्हणून लावा.

पैशांचं असं करा. जुन्या हप्त्याएवढी रक्कम त्याच तारखेला बाजूला काढत राहा, शरीराला सवय आहेच. निम्मी अडीअडचणीसाठी, तीन महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत. उरलेल्यातली बरीचशी घराला, आणि थोडी तुम्हा दोघांना सारखी वाटून, जिचा हिशोब कोणी कोणाला मागायचा नाही. फक्त नियम वेगळे. मिस्टरांनी काही मोठं घ्यायचं मनात आणलं की कागदावर तारीख लिहायची आणि तीस दिवस थांबायचं. तुमच्यासाठी उलटा नियम, वाट्याचे पैसे त्याच महिन्यात खर्च झालेच पाहिजेत, पुढे ढकलायचे नाहीत. पोटातला गोळा समजावून जाणार नाही. पडदा घेतला, घरी आणला, लावला आणि आभाळ कोसळलं नाही, असं काही वेळा घडलं की तो हळूहळू सैल पडेल. एवढं करूनही झोप लागत नसेल, रात्री आकडेमोड सुरू राहत असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. ते पैसे घराच्या वाट्यातूनच काढा.

आणि हो, कर्ज फिटल्याचं लेखी पत्र हातात आहे ना? गहाण ठेवलेले मूळ कागद परत आले? नसतील तर याच आठवड्यात मागा. दोन्ही एका फायलीत घालून मिस्टरांना दाखवा. सोफ्यात ते जे शोधतायत, त्यातलं बरंचसं त्या फायलीत सापडेल.

पहिली बेल कोणी वाजवली ते मला कळवा.