डिझेल गळलं, विहीर उपसावी का?

प्रश्न : आमच्या विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर जनरेटरसाठी डिझेलचं बॅरल ठेवलेलं असतं. तळ गंजून ते पावसात गळलं. आता पाण्यावर तवंग दिसतो, वासही येतो. तुरटी फिरवून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून, उकळून पाणी प्यायलं तर चालेल? की मोटर लावून विहीर उपसावी?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पिऊ नका. स्वयंपाकाला, अंघोळीला, जनावरांनाही हे पाणी नको. तुरटीने गाळ बसतो, टीसीएलने जंतू मरतात. डिझेल जातं कुठे? उकळलंत तर वाफा स्वयंपाकघरात भरतील.

उपसण्याची घाई तर मुळीच करू नका. मोटर चालली की पाण्याची पातळी उतरते आणि आजूबाजूच्या मुरमात मुरलेलं डिझेल विहिरीकडे ओढलं जातं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फटींतून धावतं, ते गाळलं जात नाही. जन्मभर विहिरी उतरून खडक पाहिले आहेत मी, पण वास येणाऱ्या या विहिरीत मी उतरणार नाही. कुणाला उतरूही देऊ नका, वाफांनी माणूस आत गुदमरतो.

तवंग वरूनच, दोराला जुनी सुती कापडं बांधून टिपा. पण तो गेला म्हणजे पाणी निवळलं असं नाही. खरी भीती विरघळलेल्या भागाची. त्यातल्या बेंझीन या विषारी घटकाची जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम बेंझीन लाखभर लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवतं. डिझेलमध्ये ते पेट्रोलपेक्षा कमी असतं, तरी तपासणी हवीच. नेहमीच्या तपासणीत ते येत नाही, म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात ‘पाण्यात डिझेल गेलंय’ असं स्पष्ट सांगा. उपसा करायचा की नाही, तेही त्यांनाच ठरवू द्या.

बॅरलखालची भिजलेली माती आजच खणा, जाड ताडपत्रीवर ठेवून झाका. ही माती आणि तेलकट कापडं ओढ्यात टाकू नका, जाळू नका. विल्हेवाटीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा.

नवं बॅरल विहिरीच्या उताराच्या बाजूला, लांब, छपराखाली. भोवती सिमेंटचा हौद बांधा, पण त्याला मोरी ठेवू नका. 200 लिटरच्या बॅरलला निदान 220 लिटरचा हौद लागतो : सव्वा मीटर लांब, एक मीटर रुंद, 20 सेंटिमीटर खोल केलात की पुरे. शेजारी भुशाचं पोतं असू द्या. सांडलं तर भुसा टाका, पाणी मारू नका.

आणि उताराला ज्यांच्या विहिरी, बोअर आहेत, त्यांना आजच कळवा.