पूर्ण वर्ग पद्धत: आधी भागाकार, मग अर्धे
वर्गसमीकरण सोडवताना डावी बाजू एका कंसाचा पूर्ण वर्ग करायची, ही ती पद्धत. २क्ष² − ५क्ष − ३ = ० घ्या. सगळ्यात आधी दोन्ही बाजूंना २ ने भागा आणि स्थिरपद उजवीकडे न्या: क्ष² − (५/२)क्ष = ३/२. बहुतेकांचं इथेच चुकतं. क्ष² चा सहगुणक १ नसताना मधल्या पदाचं अर्धं केलं, तर डावीकडे पूर्ण वर्ग तयारच होत नाही.

आता ५/२ चं अर्धं ५/४, त्याचा वर्ग २५/१६. तो दोन्ही बाजूंना मिळवा. उजवीकडे विसरलात तर समीकरणच बदललं. (क्ष − ५/४)² = ४९/१६. कंसातलं चिन्ह मधल्या पदाचंच.

वर्गमूळ घेताना ± लिहाच: क्ष − ५/४ = ±७/४, म्हणून क्ष = ३ किंवा −१/२. अपूर्णांकांना घाबरून दशांशात जाऊ नका, ४९/१६ चं वर्गमूळ चटकन दिसतं, ३.०६२५ चं नाही. उजवी बाजू ऋण आली, तर आधी बेरीज तपासा. ती बरोबर असेल तर वास्तव मुळं नाहीत.