लायगोची लहर आणि ढगाची लहर

हिंगोलीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. हवामानावरच्या एका लेखात त्यांनी वाचलं, 'वादळी ढगातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी वर जाताना ऊर्जा गमावतात.' औंढ्याजवळच्या लायगो या वेधशाळेत मोजणार आहेत त्या याच का, असं त्या विचारतात.

नाही, बाई. लायगोच्या चार-चार किलोमीटर लांब भुजा टिपणार आहेत त्या अवकाश-काळाच्याच लहरी. त्यांचं भाकीत आइन्स्टाइनने १९१६ मध्ये केलं, आणि त्या पहिल्यांदा सापडल्या २०१५ मध्ये, अमेरिकेत. 'गुरुत्वीय लहरी' हे नाव त्यांच्याकडेच राहू द्यावं.

ढगाची लहर ही हवेचीच. मे महिन्यात बालाघाटावर दुपारचा ढग चढतो, त्याचा माथा वरच्या स्थिर हवेला धडकतो. वर ढकललेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा जड ठरून खाली येते, वेगाच्या भरात जास्तच खाली जाते आणि हलकी ठरून पुन्हा वर उचलली जाते. डोंगर ओलांडणाऱ्या वाऱ्यातही हेच होतं. शाळेच्या पुस्तकांत 'प्लावक बल', म्हणजे पाण्यात किंवा हवेत वस्तूला वर ढकलणारं बल, रुळलेलं आहेच, म्हणून मी यांना 'प्लावक लहरी' म्हणेन.

मला जास्त खटकतं ते 'गमावतात'. वाचणाऱ्याला वाटतं, लहर वर जाता जाता विरत जाते. काही लहरींचं तसं होतंही: वाऱ्याचा वेग लहरीच्या वेगाइतका झाला की ती तिथेच शोषली जाते. पण ज्या निसटतात त्यांचं उलट होतं. पन्नास किलोमीटरवर हवेची घनता जमिनीलगतच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असते. ऊर्जा तेवढीच, हलवायची हवा विरळ, म्हणून हेलकावा जवळपास तीसपट होतो. आसुडाचं टोक मुठीपेक्षा कितीतरी जोरात फिरतं, तसंच हे. शेवटी लहर कलंडते आणि फुटते, बहुतेकदा मध्यांबरात, म्हणजे साधारण पन्नास ते पंच्याऐंशी किलोमीटर उंचीवरच्या थरात. किनाऱ्यावरच्या लाटेसाठी आपण वापरतो तेच क्रियापद इथे चपखल बसतं.

फुटल्यावर ऊर्जा खळबळीत आणि उष्णतेत जाते, आणि लहरीचा रेटा तिथल्या वाऱ्यांना मिळतो. हा रेटा फार मोठं काम करतो. त्यानेच ध्रुवाजवळची हवा ऐन उन्हाळ्यात वर ओढली जाऊन प्रसरण पावते, आणि ८५-९० किलोमीटरवर तापमान उणे १३० अंश सेल्सिअसच्याही खाली जातं. वातावरणातली सर्वांत थंड जागा तीच. एवढं घडवणाऱ्या ऊर्जेला 'गमावलेली' कसं म्हणायचं?

वाक्य मी असं लिहीन: 'वादळी ढगातून उठलेल्या प्लावक लहरी वर जाताना मोठ्या होत जातात आणि मध्यांबरात फुटून आपली ऊर्जा तिथल्या हवेला देतात.'