१९ दिवस झाले, झोप नाही म्हणतोस, तर हे वाच

भाऊ, तुझी पोस्ट दोनदा वाचली. २० एप्रिलला सुरतला कंडोमशिवाय संबंध आला, १२ व्या दिवशी प्रायव्हेट लॅबमध्ये एचआयव्हीची टेस्ट केली ती निगेटिव्ह आली, आता अंगात कणकण आहे, जिभेवर पांढरं दिसतंय, दिवाळीनंतर लग्न ठरलंय आणि सिव्हिलला जायची हिंमत नाही कारण चुलतभाऊ तिथेच कामाला. बरोबर ना?

आधी लक्षणांचं सांगतो, कारण तू दिवसरात्र तेच गूगल करून राहिला. ताप, घसा, अंगावर पुरळ, गाठी हे एचआयव्हीत दोन ते चार आठवड्यांत येऊ शकतं, पण हेच सगळं साध्या व्हायरलमध्ये पण येतं आणि लागण झालेल्या कितीतरी लोकांना काहीच होत नाही. मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हात कोणाचं अंग कणकणत नाही सांग. मी स्वतः २०१४ मध्ये रावेरहून केळीची गाडी घेऊन दिल्लीला जायचो, तेव्हा अशीच चूक झाली आणि महिनाभर गाडीच्या आरशात रोज जीभ बघायचो, वजन सात किलो उतरलं, ते पण काळजीनेच, न जेवल्यामुळे. आरशात एचआयव्ही दिसत नाही रे भाऊ, रक्तातच कळतं, आणि ते पण ठरावीक दिवस गेल्यावर.

आता तुझी १२ व्या दिवसाची टेस्ट. ती खोटी नाही, पण इतक्या लवकर काही सांगू पण शकत नाही. शरीरात अँटीबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ते प्रथिन, तयार व्हायला वेळ लागतो, त्यालाच विंडो पिरियड म्हणतात. चौथ्या पिढीची टेस्ट, म्हणजे अँटीबॉडीसोबत पी-२४ अँटीजेन, विषाणूचाच एक भाग, पण बघते ती, शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केली तर ४५ दिवसांनी भरवशाची. बोट टोचून करतात त्या रॅपिड किटसाठी ९० दिवस धर. म्हणजे तुझ्यासाठी ४ जून आणि १९ जुलै, या दोनच तारखा. मधे दर आठवड्याला नवीन लॅब शोधत फिरू नको, पैसे जातील आणि डोकं पण.

एक गोष्ट दुसऱ्या वाचणाऱ्यांसाठी. असं काही घडून ७२ तास झाले नसतील तर हे वाचत बसू नका, थेट सरकारी हॉस्पिटल गाठा आणि पेप, म्हणजे लागण टाळायच्या औषधाबद्दल विचारा, २८ दिवस गोळ्या असतात आणि जितक्या लवकर सुरू तितकं चांगलं. तुझी ती वेळ गेली भाऊ, पण त्याचा पश्चात्ताप करत बसू नको, कारण समोरची बाई पॉझिटिव्ह असली आणि औषधावर नसली तरी एका वेळच्या योनीसंबंधात पुरुषाला लागण व्हायचा अंदाज १० हजारात ४ च्या आसपास आहे. कमी आहे, शून्य नाही, म्हणून टेस्ट करायचीच.

टेस्ट कुठे, तर आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र. सरकारी हॉस्पिटलमध्ये असतं, फुकट. चुलतभावाची भीती असेल तर तुझ्या गावचंच केंद्र धरायची गरज नाही, १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन कर, तो पण फुकट, दुसऱ्या तालुक्यातलं विचारून घे. तुझ्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट तुझ्या घरच्यांना सांगता येत नाही, २०१७ चा कायदाच आहे तसा. मी आधी एका प्रायव्हेट लॅबमध्ये गेलो होतो, तिथल्या माणसाने दहा लोकांपुढे मोठ्याने विचारलं "एचआयव्ही का?", तसाच बाहेर पळालो. नंतर आयसीटीसीत गेलो तर समुपदेशक ताईंनी आधी दार लावलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि मग विचारलं काय झालं ते. रिपोर्ट पण तसाच समोर बसवून दिला, कागद हातात होता तरी मला वाचता येईना, त्यांनीच बोट ठेवून दाखवलं.

तिथेच सिफिलिसची आणि हिपॅटायटिस बी ची पण टेस्ट विचार, एचआयव्हीच्या भीतीत लोक हे विसरतात.

आणि कृपा करून टेस्ट म्हणून रक्तदान करू नको. जयंतीच्या शिबिरात असं करणारी पोरं मी बघितली आहेत. विंडो पिरियडमधलं रक्त टेस्टमधून सुटू शकतं आणि ते कोणाच्या तरी आईला चढतं. १९ जुलैपर्यंत संबंध आला तर कंडोम, होणाऱ्या बायकोसोबत तर नक्कीच.

समजा पॉझिटिव्ह आलीच तर? एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं, २००४ पासून सरकारी केंद्रात फुकट मिळते. माझ्यासोबत गाडीवर असलेला एक जण ११ वर्षं गोळी घेतोय, गाडी चालवतो, दोन पोरं आहेत, दोघं निगेटिव्ह. औषध नीट घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, सापडण्याच्या खाली टिकून राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

४ जूनला सकाळी जा. एकट्याने जायला जड वाटत असेल तर मेसेज कर, मी भुसावळलाच असतो, बाहेर बाकावर बसून राहीन.