रिस्पॉन झाल्या झाल्या धावायचं की थांबायचं?

तुमचा प्रश्न असा की टीमवाल्या शूटिंग गेममध्ये मेल्यावर परत आलो (यालाच रिस्पॉन म्हणतात) की लगेच भांडणात घुसायचं की बाकीच्यांसाठी थांबायचं. बहुतेक वेळा थांबायचं हो.

टीम फोर्ट्रेस २ मध्ये रिस्पॉन लाटेने होतो, म्हणजे आमच्या रायबंदर-चोडण फेरीबोटीसारखं, चुकली की धक्क्यावर उभे राहा आणि सुटली की सगळे एकदम. ते मुद्दाम तसं आहे, कारण एकेकटा जाणारा म्हणजे समोरच्यांना फुकटचा किल. ओव्हरवॉचमध्ये हे रोज दिसतं, एक मरतो, तो परत येईपर्यंत दुसरा गेलेला असतो, मग हा एकटाच पुढे जाऊन परत मरतो, आणि असं करत करत पाचजण एकत्र कधी उभेच राहत नाहीत. याला स्टॅगर म्हणतात. म्हणून फाईट हरलीच असेल तर एकतर पळा नाहीतर पटकन मरा. कोपऱ्यात लपून वीस सेकंदांनी मरणारा टीमचं जास्त वाटोळं करतो, पण त्याचा केडी, म्हणजे किती मारले आणि किती वेळा मेला याचा आकडा, चांगला दिसतो ना, म्हणून कोणी काही बोलत नाही!

२००३ च्या वुल्फेनस्टाईन: एनिमी टेरिटरीत तर मुरलेले लोक घड्याळावर खेळायचे. आपली लाट यायला एक-दोन सेकंद उरले आणि हेल्थ, गोळ्या संपत आल्यात, तर कन्सोलात, म्हणजे गेमला टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीत, किल कमांड मारून स्वतःच मरायचे आणि लगेच भरलेल्या बंदुकीनिशी उभे. समोरच्याला मात्र त्याची लाट नुकतीच निघाल्यावर मारायचं, म्हणजे बसला बिचारा पूर्ण वेळ लिंबोत, पुढच्या लाटेची वाट बघत.

डोटा २ शूटिंगचा गेम नाही, पण तिथेही लेव्हल वाढते तसा मरून बसायचा वेळ वाढतो, गेममधलं सोनं देऊन बायबॅक, म्हणजे लगेच जिवंत होणं, करता येतो पण एकदा केला की ८ मिनिटं परत नाही, त्यामुळे फालतू मरणावर उडवू नका.

थांबायचं नाही ते ओव्हरवॉचसारख्या गेमच्या ओव्हरटाइममध्ये, म्हणजे वेळ संपल्यावरच्या जादा वेळात, तिथे पेलोडला (ढकलत न्यायच्या गाडीला) एकाने हात लावून ठेवला तरी मॅच जिवंत राहते. बीजीएमआय या मोबाइल गेमच्या टीडीएममध्ये (टीम विरुद्ध टीम, जास्त किल करणारा जिंकतो) ४० किलवर खेळ संपतो, राखायला काहीच नसतं, तिथे सुरुवातीला थोडा वेळ गोळी लागत नाही तेवढ्यात आजूबाजूला बघून घ्या आणि निघा.

मी चॅटवर ‘थांबा रे, चौघे होऊ दे’ एवढंच टाकतो. रँडम लोक ऐकतातच असं नाही, तिघे पुढे गेलेच तर आपण चौथे व्हायचं, स्पॉनवर, म्हणजे परत येतो त्या जागी, शहाण्यासारखं उभं राहून काय करणार.